दोन वर्षांची अट नेमकी कुणाला?

वाचकांचे प्रश्न

जे-वन या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या किंवा जाऊ घातलेल्या वाचकांची पत्रे इतकी साचली आहेत की या वेळचे सदर त्याच एका विषयाला द्यावे असे ठरवले. अशांपैकी अनेकांवर कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते, आणि बहुतेकांनी तिच्यातून ‘वेव्हर’, म्हणजे माफी, कशी मिळवावी असे विचारले आहे. पण त्याआधी विचारायचा प्रश्न मात्र जवळजवळ प्रत्येक पत्रात राहून गेला आहे. अट आपल्याला मुळात लागू आहे का, आणि असल्यास कोणत्या कारणाने? माफीचा मार्ग या कारणावर ठरतो, म्हणून प्रत्येक उत्तराची सुरुवात तेथूनच केली आहे.

प्रश्न : मी पुण्यात पीएच.डी. करून २०२२ पासून ओहायोतील एका विद्यापीठात पोस्टडॉक आहे. माझ्या व्हिसावर दोन वर्षांची अट लागू असल्याची ओळ छापलेली आहे. विद्यापीठ एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा करून द्यायला तयार आहे, पण त्यासाठी आधी नोरी, म्हणजे मी भारतात न परतण्यास हरकत नाही असे भारत सरकारचे पत्र, हवी. अर्ज करून सात महिने झाले. दोन ठिकाणचे कागद आले, तिसऱ्या कार्यालयाकडून ‘प्रक्रियेत आहे’ एवढेच उत्तर येते. काय करावे? — एक संशोधक, ओहायो

उत्तर : फाइलीमागे धावणे क्षणभर थांबवून आपले डीएस-२०१९ चे, म्हणजे जे-वन कार्यक्रमाच्या प्रमाणपत्राचे, पान समोर घ्यावे. त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक लहान चौकट आहे, जिच्याकडे व्हिसा हातात पडल्यानंतर सहसा कुणी पुन्हा पाहत नाही. व्हिसा अधिकाऱ्याने अट लागू आहे असे ठरवले असल्यास त्याचे कारण तेथे तीनपैकी एका किंवा अधिक अक्षरांपुढे नोंदलेले असते. ‘ए’ म्हणजे कार्यक्रमाला अमेरिकेच्या किंवा आपल्या मायदेशाच्या सरकारचा पैसा आहे. ‘बी’ म्हणजे आपला विषय मायदेशाला गरजेच्या असलेल्या कौशल्यांच्या यादीत आहे. आणि ‘सी’ म्हणजे आपण डॉक्टर असून पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षणासाठी आला आहात.

अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यातील कलम २१२ (ई) याच तीन कारणांवर उभे आहे. ज्याला ते लागू होते त्याने एकूण दोन वर्षे मायदेशी प्रत्यक्ष राहिल्याशिवाय त्याला एच किंवा एल व्हिसा मिळत नाही आणि ग्रीन कार्डही मिळत नाही. शिवाय काही मोजके अपवाद वगळता अमेरिकेत राहून दुसऱ्या दर्जात बदलही करून घेता येत नाही.

आपल्या चौकटीत केवळ ‘बी’ असेल, तर हे सात महिने बहुधा वाया गेले आहेत. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ९ डिसेंबर २०२४ रोजी कौशल्यांची नवी यादी लागू केली आणि तीतून भारताचे नाव वगळले. २००९ च्या यादीत भारताच्या नावापुढे विषयांची लांबलचक जंत्री होती, आणि त्यामुळे आपल्याकडचे हजारो संशोधक या अटीत अडकत आले. हा बदल मागील तारखेपासूनही लागू आहे. म्हणजे पूर्वी आलेल्या आणि निव्वळ यादीमुळे अडकलेल्या भारतीयांवर आता ही अट नाही, व्हिसावर जुनी ओळ तशीच छापलेली असली तरी. ती ओळ आणि ती चौकट या प्राथमिक नोंदी आहेत, अंतिम निवाडा नव्हे. अंतिम मत देण्याचा अधिकार परराष्ट्र खात्याने स्वतःकडे ठेवला आहे. विद्यापीठाचे कार्यालय साशंक असेल तर त्याच खात्याकडून सल्लागार मत मागवता येते.

येथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले म्हणजे पगाराचा उगम. आपला पगार प्राध्यापकांना मिळालेल्या सरकारी संशोधन अनुदानातून येत असेल तर तेवढ्याने ‘ए’ लागू होत नाही, कारण नियमांना अभिप्रेत असलेला पैसा शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी दिलेला किंवा थेट आपल्याला या कार्यक्रमाकरिता मिळालेला असावा लागतो. बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत विद्यावेतनावर असलेल्याची गोष्ट वेगळी. त्याला सरकार थेट पैसे देते. दुसरे म्हणजे जुना कार्यक्रम. आपण पूर्वी एखाद्या सरकारी शिष्यवृत्तीवर जे-वनने येऊन गेला असाल आणि ती दोन वर्षे पुरी केली नसतील, तर ते ऋण आजच्या कोऱ्या चौकटीने फिटत नाही. म्हणून आजवरचे सगळे डीएस-२०१९ काढून, प्रत्येकाचा पाचवा रकाना, जेथे पैशाचा स्रोत लिहिलेला असतो, वाचून पाहावा. तेथे काही खटकले नाही तर नोरीचा अर्ज मागे घेऊन एच-वन-बीच्या तयारीला लागावे. वेव्हरच्या अर्जाचे १२० डॉलर भरले असतील तर ते परत मिळत नाहीत, एवढी चुटपुट राहील.

प्रश्न : माझी मुलगी मिशिगनमध्ये इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी करीत आहे, पुढील जूनमध्ये तिसरे वर्ष संपेल. तिला नंतर कार्डिऑलॉजीची फेलोशिपही करायची आहे. मंत्रालयात आमची थोडी ओळख आहे. नोरीचे काम आतापासून सुरू करावे काय? — एक वडील, सोलापूर

उत्तर : मंत्रालयातील ओळख दुसऱ्या एखाद्या कामासाठी राखून ठेवावी. पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षणासाठी जे-वनवर गेलेल्या डॉक्टरला मायदेशाच्या ‘हरकत नाही’ पत्राच्या आधारे माफी देण्याची सोय अमेरिकेच्या कायद्यातच नाही. त्यामुळे महाराष्ट्र सरकार, केंद्र सरकार आणि दूतावास या तिघांनी एकमुखाने होकार दिला तरी तो कागद निरुपयोगी ठरेल. शिवाय भारताच्या आरोग्य मंत्रालयानेही २०११ पासून डॉक्टरांना नोरी न देण्याचे धोरण स्वीकारले. कौशल्यांच्या यादीतून भारताचे नाव गेल्याची बातमी वाचून अनेक डॉक्टरांच्या घरी आनंद झाला, पण तोही या बाबतीत व्यर्थ आहे. डॉक्टरांची अट यादीवर अवलंबून नाही. ती १९७६ च्या एका वेगळ्या कायद्याने आली, १० जानेवारी १९७७ पासून लागू झाली, आणि डीएस-२०१९ च्या चौकटीतले ‘सी’ अक्षर याच कायद्याकडे बोट दाखवते. आपल्या मुलीचा व्हिसा झाला तेव्हा परदेशी डॉक्टरांचे जे-वन पुरस्कृत करणाऱ्या ईसीएफएमजी या संस्थेकडे आरोग्य मंत्रालयाचे ‘स्टेटमेंट ऑफ नीड’, म्हणजे त्या विषयातील डॉक्टरांची देशाला गरज असल्याचे पत्र, पाठवावे लागले असेल. त्या पत्रासाठी तिने परत येण्याची लेखी हमी दिलेली असते; घाईगर्दीत सही केलेला तो कागद पुष्कळांना आठवतही नाही.

मग बहुतेकांसाठी उरतात दोन वाटा : दोन वर्षे भारतात येऊन राहणे, किंवा अमेरिकेतच डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात तीन वर्षे सेवा करणे. दुसऱ्या वाटेला डॉक्टरमंडळी नुसते ‘कॉनराड’ म्हणतात. नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनराड यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये ही योजना सुरू झाली. तेव्हा प्रत्येक राज्याला वर्षाला वीस जागा होत्या, २००२ मध्ये त्या तीस झाल्या. हे वर्ष म्हणजे अमेरिकन सरकारचे आर्थिक वर्ष, जे १ ऑक्टोबरला सुरू होते. काही मोठ्या राज्यांत तीस जागांसाठी झुंबड उडते, तर काही राज्यांत तेवढे अर्जही येत नाहीत. म्हणून नोकरी शोधताना पगाराइतकेच त्या राज्यातील गेल्या काही वर्षांचे चित्रही पाहावे. तीसपैकी दहा जागा राज्यांना अशा रुग्णालयांसाठी वापरता येतात, जी स्वतः टंचाईच्या क्षेत्रात नाहीत पण तेथील रुग्णांना सेवा देतात. शहरात राहू इच्छिणाऱ्यांचा डोळा नेमका या दहांवर असतो.

क्रम असा आहे. आधी सरकारने टंचाईचे म्हणून घोषित केलेल्या क्षेत्रातील रुग्णालयाशी किमान तीन वर्षांचा, आठवड्याला ४० तासांचा करार करावा लागतो. परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर डीएस-३०३५ हा माफीचा अर्ज भरून प्रकरण क्रमांक घ्यावा लागतो, आणि पुढे पाठवायच्या प्रत्येक कागदावर तो क्रमांक लिहावा लागतो. राज्याचे आरोग्य खाते परराष्ट्र खात्याकडे शिफारस करते, परराष्ट्र खाते स्थलांतर विभागाकडे, आणि तेथून माफी मंजूर होते. मंजुरीनंतर ९० दिवसांच्या आत कामावर रुजू व्हायचे असते आणि तीनही वर्षे एच-वन-बी दर्जातच काम करायचे असते. त्या एच-वन-बीला वार्षिक सोडतीची मर्यादा लागत नाही, ही मोठी सवलत आहे. तीन वर्षे पुरी होण्याआधी ग्रीन कार्ड हाती पडू शकत नाही आणि दुसऱ्या दर्जातही जाता येत नाही. मध्येच काम सोडले तर दोन वर्षांची अट पुन्हा मानगुटीवर बसते. रुग्णालयच बंद पडले किंवा तशीच असाधारण परिस्थिती आली, तर उरलेली मुदत दुसऱ्या टंचाईग्रस्त ठिकाणी पुरी करण्याची परवानगी मागता येते. करार सहीपूर्वी वकिलाला दाखवावा आणि नोकरी सोडल्यास त्या परिसरात व्यवसाय करू नये अशा अर्थाचे कलम त्यात आहे का ते विशेषकरून पाहावे. अनेक राज्ये अशा कलमाचे करार स्वीकारत नाहीत.

आता फेलोशिपचा पेच. परराष्ट्र खात्याने एकदा माफीची शिफारस केली की जे-वनची मुदत पुढे वाढत नाही. म्हणजे रेसिडेन्सी संपताच कॉनराड घेऊन त्याच वेळी जे-वनवर फेलोशिप असे दोन्ही साधत नाही. डॉक्टरांना जे-वनवर साधारणतः सात वर्षांपर्यंत राहता येते. तीन वर्षांची रेसिडेन्सी आणि तीन वर्षांची कार्डिऑलॉजी त्यात बसतात. तेव्हा मुलीने आधी ठरवावे की फेलोशिप जे-वनवर पुरी करून हृदयरोगतज्ज्ञ म्हणून वेव्हर मागायचा, की आता हॉस्पिटलिस्ट, म्हणजे रुग्णालयात दाखल झालेल्यांवर उपचार करणारी डॉक्टर, म्हणून तीन वर्षे सेवा करून फेलोशिप पुढे एच-वन-बीवर करायची. काही राज्ये प्राथमिक आरोग्यसेवा देणाऱ्या डॉक्टरांना आधी घेतात आणि उरलेल्या जागा तज्ज्ञांना देतात, म्हणून पहिल्या मार्गात थोडी जोखीम आहे. तर दुसऱ्या मार्गात एच-वन-बीवर फेलो घेणारी रुग्णालये कमी, ही अडचण आहे. माझे मत विचाराल तर ज्याचा कल संशोधनाकडे किंवा मोठ्या केंद्राकडे आहे त्याने फेलोशिप लांबवू नये. माजी सैनिकांची रुग्णालयेही स्वतंत्रपणे शिफारस करू शकतात आणि त्यांना टंचाईच्या क्षेत्राचे बंधन नाही. ॲपलाचियन भाग आणि मिसिसिपीचा डेल्टा यांच्यासाठी वेगळ्या संस्था आहेत. कॉनराड योजनेची मुदत अमेरिकन संसदेला वेळोवेळी वाढवावी लागते, म्हणून अर्जाच्या वर्षी ती चालू आहे ना, हे आधी पाहावे.

प्रश्न : गेल्या वर्षी आठ महिने रिसर्च स्कॉलर म्हणून राहून परत आलो. त्याच प्राध्यापकांनी पुन्हा बोलावले, पण विद्यापीठ म्हणते की दोन वर्षे येता येणार नाही. माझ्या व्हिसावर तर अट लागू नाही असे लिहिले आहे. — एक प्राध्यापक, कोल्हापूर

उत्तर : हे प्रकरण वेगळे आहे, केवळ ‘दोन वर्षे’ या शब्दांमुळे गल्लत होते. रिसर्च स्कॉलर किंवा प्रोफेसर या वर्गातील कार्यक्रम संपला की पुढील २४ महिने त्याच दोन वर्गांत परत येता येत नाही. त्यासाठी भारतात राहण्याची सक्ती नाही, आणि या बंदीला माफीही नाही. सहा महिन्यांपर्यंतच्या ‘शॉर्ट टर्म स्कॉलर’ वर्गात येता येते. प्राध्यापकांना तसे कळवून पाहावे.

प्रश्न : पती जे-वनवर, मी जे-टू या त्यांच्या कुटुंबीयांसाठीच्या व्हिसावर आले. आता आम्ही वेगळे राहतो. मला एका कंपनीत नोकरी मिळते आहे, पण पती वेव्हरचा अर्ज करीत नाहीत. मला एकटीला करता येईल का? — एक भगिनी, न्यू जर्सी

उत्तर : पतीला अट लागू असेल तर ती त्यांच्यामागून आपल्यालाही लागू होते, आणि त्यांना माफी मिळाली तर तिचा लाभही आपल्याला मिळतो. म्हणून येथेही प्रथम त्यांच्या डीएस-२०१९ ची प्रत मिळवून कारण पाहावे. कारण निव्वळ कौशल्यांची यादी असेल आणि त्यांचा मायदेश भारत असेल, तर आपण दोघेही मोकळे आहात आणि त्यांच्या सहकार्याची गरजच उरत नाही.

तसे नसेल तर जे-टूवरील व्यक्तीला स्वतंत्र अर्ज सहसा करता येत नाही. घटस्फोट झाला असल्यास, मूळ जे-वनधारकाचा मृत्यू झाला असल्यास, किंवा मुलगा अथवा मुलगी २१ वर्षांची झाली असल्यास परराष्ट्र खाते स्वतः त्या प्रकरणाचा विचार करते. वेगळे राहणे म्हणजे घटस्फोट नव्हे. न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. तो भारतातील कौटुंबिक न्यायालयाचा असला तर त्याची प्रमाणित प्रत आणि मराठीत असल्यास इंग्रजी भाषांतर सोबत जोडावे. डीएस-२०१९ ची प्रत आजच, बोलणे पुरते तुटण्याआधी मागून घ्यावी, असे आग्रहाने सुचवतो. अशा प्रकरणांत नेमका तोच कागद पुढे मिळत नाही.

प्रश्न : मी शासकीय महाविद्यालयात अध्यापक असून भारत सरकारच्या पाठ्यवृत्तीवर एक वर्ष अमेरिकेत आहे. मला येथेच दीर्घकाळ संशोधन करायचे आहे. नोरी घ्यावी लागेल का, आणि कशी? — एक अध्यापिका, मूळ नांदेड

उत्तर : होय, आपल्या चौकटीत ‘ए’ असणार, आणि यादीतील बदलाचा आपल्याला उपयोग नाही. मात्र पैसा भारत सरकारचा असल्याने भारत सरकारच ‘आमची हरकत नाही’ म्हणाले तर त्या म्हणण्याला वजन असते, म्हणून आपल्यासाठी हाच सरळ मार्ग आहे. आधी डीएस-३०३५ भरून प्रकरण क्रमांक घ्यावा. मग केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे उच्च शिक्षण खाते, आपल्या राज्याचे सरकार आणि आपला पासपोर्ट देणारे कार्यालय यांची संमती मिळवायची असते. या तीन संमती जमल्या की भारतीय दूतावास ‘हरकत नाही’ पत्र थेट अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे पाठवतो. ते पत्र आपण स्वतः पाकिटात घालून पाठवले तर धरले जात नाही. तिन्ही कार्यालयांकडील अर्जांतील नाव, जन्मतारीख आणि पत्ता पासपोर्टशी अक्षरशः जुळले पाहिजेत. वडिलांचे नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरून महिनेच्या महिने गेलेली प्रकरणे मी पाहिली आहेत.

आणखी एक. नोकरीवर रुजू होताना किंवा रजा घेताना आपण बंधपत्र लिहून दिले असेल, तर अमेरिकेच्या माफीने ते फिटत नाही. ती आपली आणि आपल्या खात्याची बाब आहे, आणि संस्थेकडून ना हरकत मागताना तोच मुद्दा पहिल्यांदा निघेल.

प्रश्न : फुलब्राइट-नेहरू पाठ्यवृत्तीवर जाऊन आले, चौदा महिन्यांपासून पुण्यात आहे. मध्यंतरी एका अमेरिकन नागरिकाशी माझा विवाह झाला. विवाहामुळे अट सुटते का? की त्यांना त्रास होतो या कारणावर अर्ज करावा? — एक वाचक, पुणे

उत्तर : विवाहाने अट सुटत नाही, अमेरिकेत जन्मलेल्या मुलामुळेही नाही. ‘हरकत नाही’ पत्राचा मार्गही आपल्याला जवळपास बंद समजावा, कारण ही पाठ्यवृत्ती दोन्ही सरकारांच्या पैशावर चालते. १९५० च्या करारापासून भारतात हे काम चालू आहे आणि २००८ च्या नव्या करारापासून भारत त्यात बरोबरीचा भागीदार आहे. अमेरिकन सरकारचा पैसा असलेल्या प्रकरणांत त्यांचे परराष्ट्र खाते अशी शिफारस सहसा करीत नाही.

पती अमेरिकन नागरिक असल्याने आय-६१२ हा असाधारण हालांच्या कारणावर माफी मागण्याचा अर्ज करता येतो, पण त्यात दोन्ही अंगांनी सिद्धता द्यावी लागते : पती आपल्याबरोबर भारतात राहिले तर त्यांना असाधारण हाल सोसावे लागतील, आणि ते अमेरिकेत एकटे राहिले तरी सोसावे लागतील. विरह, दोन घरांचा खर्च, नोकरीतील ओढाताण ही कारणे सर्वांच्याच वाट्याची म्हणून पुरेशी धरली जात नाहीत. गंभीर आजारपणासारखी, कागदोपत्री दाखवता येणारी कारणे लागतात. तशी आपल्याकडे नसतील तर, स्पष्टच सांगायचे, चौदा महिने झालेच आहेत, उरलेले दहा पुरे करणे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचे आहे.

ही दोन वर्षे सलग असावी लागत नाहीत. सगळे दिवस मिळून भरले म्हणजे झाले. मधल्या काळात पर्यटक व्हिसावर पतीकडे जाऊन येता येते, मात्र ते दिवस मोजणीतून वजा होतात, आणि जर्मनीतील परिषद किंवा दुबईतील मुक्काम यांचे दिवसही धरत नाहीत. पासपोर्टवरील प्रत्येक येण्याजाण्याच्या शिक्क्याची तारीख एका वहीत क्रमाने लिहून काढावी. स्वयंचलित तपासणीच्या रांगेतून गेल्यामुळे शिक्का नसेल तर विमानाचा बोर्डिंग पास जपून ठेवावा, आणि त्याबरोबर पगाराच्या पावत्या व घरभाड्याचा करारही. पुढे वकिलातीतील अधिकारी दिवस मोजायला बसेल तेव्हा तो आपल्या तोंडी हिशेबावर विसंबणार नाही.